ट्रंकेतले कागद कुणाचे?

वाई

चि. सोनूस,

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, मला आमच्या इतिहास मंडळाची कार्यवाह केलंय. आता पहिल्यांदा काय करू?" तेव्हा मी नुसतं कौतुक करून फोन ठेवला. पण तू सांगितलेली ती पत्र्याची ट्रंक डोक्यातून जाईना. जुने कार्यवाह गेले आणि त्यांच्या घरच्यांनी एक ट्रंक, दोन पावतीपुस्तकं आणि मंडळाचा रबरी शिक्का तुझ्या स्वाधीन केला. ट्रंकेत मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, मागे काहीच न लिहिलेले फोटो. कुठला कागद कुणाच्या घरचा, याचा पत्ता नाही. आणि तुमच्या कार्यकारिणीला मात्र येत्या वर्षात इतिहास परिषद भरवायची आहे, स्मरणिका काढायची आहे.

माझं उत्तर हे: परिषद राहू दे. ट्रंक उघड, एकेक कागद कुणाकडून आला ते शोधून काढ, आणि ज्याचा त्याला नेऊन दे.

तुला हे विचित्र वाटेल. मंडळ कागद जमवण्यासाठी असतं आणि मामा परत करायला सांगतोय. म्हणून आमचीच गोष्ट सांगतो. ती मी फार थोड्यांना सांगितली आहे.

आम्ही इथे मंडळ सुरू केलं तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. वाईत वाढलेल्या मुलाच्या कानावर इतिहाससंशोधक राजवाड्यांचं नाव लहानपणीच पडतं. पानिपतच्या काळातली पत्रं त्यांना याच गावात मिळाली आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्याच पत्रांचा निघाला. आपल्यालाही एखाद्या माळ्यावर असं काही सापडेल, या एका आशेवर आम्ही पाच-सहा जण रविवारी सायकली काढून कृष्णाकाठची गावं पालथी घालायचो. एका गावात एका आजींनी माळ्यावरून कागदांचा रुमाल खाली काढून दिला. हळदीच्या रंगाचं कापड, वर सुतळीची गाठ. मी म्हणालो, "महिन्याभरात आणून देतो." पावती दिली नाही, पानं मोजली नाहीत. आजींना पावती दिली तर त्यांना परकं वाटेल, असं तेव्हा मनात आलं होतं.

रुमाल माझ्याकडे राहिला. मग अर्धे कागद एका मित्राने वाचायला नेले. त्याची बदली झाली. महिन्याची चार वर्षं झाली, आणि एक दिवस कळलं की आजी गेल्या. तेव्हा कुठे आम्ही कागद गोळा करून परत द्यायला गेलो. सुनेने ओसरीवर बसून रुमाल सोडला आणि शांतपणे पानं मोजली. आजींनी देताना मोजून ठेवली होती. तेरीज केलेली चिठ्ठी देवघरात होती: कागद 63. आमच्याकडे 61 निघाले. ती बाई एक शब्द बोलली नाही. आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. त्यानंतर दहा वर्षं त्या आळीतल्या एकाही घराने आम्हाला कागद दाखवला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या दोन कागदांत काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी नक्कलही केली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मला कळली आहे. स्थानिक इतिहासाच्या मंडळाकडे सरकारचा हुकूम नसतो, पैसा नसतो, पदवी नसते. लोक आपल्या माळ्यावर चढू देतात, एवढीच त्याची मालमत्ता. ती एका आळीत गेली की तालुक्यात जायला वेळ लागत नाही.

म्हणून परिषदेच्या खर्चाऐवजी आधी एक जाड बांधणीची दाखल नोंदवही घे. कागद कुणी दिला, घरात तो कुठे होता, पानं किती, फाटकी किती, कधी परत करायचा, छापायला परवानगी आहे का, नाव द्यायचं की नाही, हे सगळं देणाऱ्याच्या समोर लिही आणि त्याची सही घे. पावतीची एक प्रत त्याच्याकडे, एक आपल्याकडे. 'घरात कुठे होता' हा रकाना लोकांना फालतू वाटतो, पण तो सोडू नकोस. देवघरातल्या पेटीत सापडलेला कागद आणि गोठ्याच्या कोनाड्यात सापडलेला कागद यांना घरात वेगवेगळा मान होता, आणि तो का होता, हासुद्धा इतिहासच आहे. शक्यतो कागद घराबाहेर काढूच नये. आता मोबाइल आहेत. खिडकीजवळच्या उजेडात, सतरंजीवर पांढरं कापड अंथरून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढावेत आणि रुमाल तिथेच बांधून परत माळ्यावर ठेवावा. आमच्या वेळी ही सोय असती तर ते दोन कागद गेले नसते.

अशा एका घरगुती कागदाची किंमत किती असू शकते ते सांगतो. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली जपलेली होती. ती लोकमान्यांच्या हाती आली, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने 1916 मध्ये छापली, आणि शिवजन्माची तिथी सगळ्यांना नव्याने तपासावी लागली. आज आपण 19 फेब्रुवारी 1630 म्हणतो, त्यामागे फाल्गुन वद्य तृतीया शके 1551 ही त्या शकावलीतली नोंद आहे. एका घराने पिढ्यान् पिढ्या ते बाड सांभाळलं म्हणून ही नोंद आपल्यापर्यंत आली.

आता तुझ्या तालुक्याबद्दल. अलिबाग म्हटलं की सगळे आंग्रे, कुलाबा किल्ला आणि आरमार यावर येऊन थांबतात. तुमच्या स्मरणिकेची अनुक्रमणिकाही तशीच असणार, मी न बघता सांगतो. आंग्र्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि पुढेही लिहितील. पण चरीच्या संपाचं काय? 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि पाच-सहा वर्षं ती ओसाड ठेवली. रानातून लाकूडफाटा आणून विकला, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण त्या पाच-सहा वर्षांत घरात काय शिजत होतं, लग्नं कशी झाली, कुणी कुणाला चोरून भात दिलं, हे पुस्तकात नाही. ते खारेपाटातल्या म्हाताऱ्यांच्या आईबापांच्या गोष्टींत आहे आणि तुझ्या ट्रंकेतल्या जमाखर्चाच्या वह्या खोतांच्या असतील तर त्यांतही आहे.

इथेच तुझी खरी परीक्षा होणार. त्या वह्यांत कुणाच्या आजोबांकडे किती बाकी होती, कुणाचा बैल ओढून नेला, हे नावानिशी असेल. ती नावं असलेली घरं आजही एकमेकांसमोर राहतात. खोतांच्या घरचे म्हणतील, वह्या दाखवू नका. कुळांच्या घरचे म्हणतील, सगळं छापा. दोघांशीही आधी त्यांच्या घरी जाऊन बोल, सभेत नाही. वह्या कुणाच्या आहेत हे ठरलं की त्यांच्या मालकाचा शब्द मान, पण एक नक्कल तुमच्याजवळ राहू द्यावी असा आग्रह जरूर धर. आज छापणं जमलं नाही तर तीस वर्षांनी छापावं, असं लिहून सीलबंद ठेवलं तरी चालेल. जे छापशील ते पूर्ण छाप. एका बाजूच्या लाजेपोटी ओळी गाळू नकोस आणि दुसऱ्या बाजूच्या समाधानासाठी भडक मथळा देऊ नकोस.

वह्या थांबतील, आठवणी थांबणार नाहीत. तुला माहीत असेल, रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली. आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईहून रेवसला येताना. सहाशेच्या वर माणसं गेली. त्यांतली कितीतरी तुमच्याच किनाऱ्यावरच्या गावांची. त्या दिवशी बोटीत असलेलं कुणी आज क्वचितच असेल. पण बोट चुकली म्हणून वाचलेल्याची सून असेल, किनाऱ्यावर रात्रभर उभं राहिलेल्याची मुलगी असेल. त्यांच्याकडे या महिन्यात जा, पुढच्या नाही. मंडळाची सगळी कामं थांबू शकतात, हे एक थांबू शकत नाही. आम्ही इथे कोयनेच्या 1967 च्या भूकंपाच्या आठवणी 'एकदा निवांत घेऊ' म्हणत ठेवल्या, आणि निवांत झालो तेव्हा सांगणारे निम्मे उरले होते.

जाताना ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घे. पहिला प्रश्न दुर्घटनेचा विचारू नकोस. घर कुठलं, माहेर कुठलं, तेव्हा मुंबईला कोण कामाला होतं, सणाला घरी काय आणायचे, अशा वाटेने जा. बाया बोलतात, पण घरातला पुरुष शेजारी बसला की गप्प होतात. म्हणून बरोबर एखादी मैत्रीण ने, तिने पुरुषांशी बाहेर ओटीवर बोलत बसावं. आणि कुणी रडू लागलं तर यंत्र बंद कर. ते पुन्हा चालू करायला त्यांनी सांगितलं तरच कर.

बेने इस्राएल ज्यूंचंही असंच. तेलाचे घाणे चालवणारे 'शनवार तेली' तुमच्या गावागावांत होते. त्यांची आडनावं आजही तुमच्या गावांची नावं सांगतात: रोहेकर, चौलकर, नागावकर. बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. त्यांची नातवंडं आता कधी कधी पणजोबांचं गाव आणि कबर शोधत येतात. त्यांना गावात कुणी उत्तर देणारं हवं. तुमच्या मंडळाने नुसती दफनभूमींची यादी आणि घाण्यांच्या जागांची यादी केली तरी एवढं मोठं काम होईल की परिषद भरवायची गरजच उरणार नाही. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी त्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकात एकट्याने लिहून ठेवला. छापील पुस्तक निघालं ते 1937 मध्ये, ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. हस्तलिखित कुणीतरी सांभाळलं होतं, म्हणून निघालं.

आक्षीच्या कोरीव लेखाच्या दगडाबद्दल, म्हणजे गधेगळीबद्दल, तुमच्या तरुण मुलांचा उत्साह मला ठाऊक आहे. शिलाहार राजा केसिदेव, शके 934 म्हणजे 1012, मराठीतला सगळ्यांत जुना लेख, हे त्यांना पाठ आहे. त्यांना सांग की हत्तरसंग कुडलचा शके 940 चा लेख सोलापूरच्या आनंद कुंभारांनी शोधला. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, गावोगाव फिरणारे हौशी अभ्यासक होते. आणि हेही सांग की 'सगळ्यांत जुना' ही शर्यत नाही. वाचन पुढेमागे बदलू शकतं, वर्षही बदलू शकतं, दगड मात्र एकदा खराब झाला की झाला. म्हणून दगडावर खडू घासायचा नाही, पीठ चोळायचं नाही, तेलरंग तर मुळीच नाही. रात्री जा आणि टॉर्च दगडाला समांतर, अगदी बाजूने धर. झिजलेली अक्षरं सावलीने उठतात. कधी कधी कॅमेऱ्यात डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. दगड हलवायचा नाही. कुणाच्या शेतात नांगराला नाणी किंवा मूर्ती लागली तर जागेवरचा फोटो घ्या आणि तहसीलदारांना कळवायला त्या शेतकऱ्याला मदत करा. निखात निधीचा कायदा 1878 पासून आहे आणि लपवलं तर गोत्यात तो शेतकरी येतो, तुम्ही नाही. मंडळाने कशाचीही किंमत सांगू नये. तुम्ही एकदा आकडा बोललात की पुढच्या आठवड्यात जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याच्या दारात उभा राहतो.

मोडीचा वर्ग जरूर काढ. लोक येतात, पहिल्या महिन्यात तीस, चौथ्या महिन्यात चार. त्या चारांसाठीच वर्ग असतो. अक्षरं लवकर येतात, अडतं ते कालगणनेत. एका कागदावर सुहूर सन आहे: 'सबा सबैन मया व अलफ', म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार: 1177. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, म्हणून नुसते 599 मिळवून भागत नाही. महिना जानेवारीपासून मृगापर्यंतचा असेल तर 600 मिळवावे लागतात. त्या कागदाचं साल 1776-77. हे एक गणित चुकलं की माणूस जन्मण्याआधीच लढाईला जातो. म्हणून वाचलेला प्रत्येक कागद दुसऱ्याने पहिलं वाचन न पाहता पुन्हा वाचावा आणि मग दोन वाचनं ताडून पाहावीत. तुझ्यापेक्षा कमी येणाऱ्याकडूनही वाचून घे. त्याला अडलेली जागा पुष्कळदा तुलाही नीट लागलेली नसते.

माणसांबद्दल थोडं. मंडळात काही जण व्यासपीठासाठी येतात. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना व्यासपीठ दे आणि कपाटाची किल्ली देऊ नकोस. किल्ली त्याला द्यावी जो न बोलवता येतो आणि आल्यावर आधी झाडू शोधतो. सभा महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोनच माणसं आली तरी घ्यावी. वार बदलत राहिला की मंडळ सुटतं. कुणी आपल्या घराण्याचा किंवा जातीचा मोठेपणा ठरावात घालून घ्यायला येईल, देणगीही देऊ करेल. ती देणगी घेऊ नये. त्याला नोंदवही दाखवावी आणि म्हणावं, तुमच्याकडचा कागद आणा, आम्ही वाचू, जे निघेल ते लिहू. पुष्कळ जण तिथूनच परत जातात. जे कागद घेऊन येतात ते पुढे आपले चांगले सभासद होतात, हे मी तीनदा पाहिलं आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वर्गणी थोडी ठेव पण सगळ्यांकडून घे. हिशेब दरवर्षी तपासून घे आणि पुढच्या सभेत मोठ्याने वाच. 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी असेल तर कार्यकारिणी बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेत गेलाच पाहिजे. आम्ही नऊ वर्षं तो दिला नव्हता. बँकेत मृत माणसांच्या सह्या चालू होत्या आणि ते निस्तरताना मंडळ बंद पडता पडता राहिलं. इमारतीच्या नादी मात्र लागू नकोस. मंडळाचं उत्पन्न आणि भांडणं दोन्ही इमारतीत जातात, आणि कागद शेवटी तिच्याच तळमजल्यावर भिजतात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 ला पाणी शिरलं आणि 2021 ला पुन्हा शिरलं. ती जुनी, नावाजलेली संस्था आहे. जिथे त्यांचं असं झालं तिथे आपण आपल्या ट्रंकेबद्दल बेफिकीर राहू नये. कोकणात कागद वरच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर लांब, पोलादी कपाटात. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन नाही, स्टेपलर नाही. सुती कापडात बांधून वेखंड ठेव आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात सगळे रुमाल सोडून सावलीत वारा दे. फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावात ठेव. माझ्याकडे ठेवलीस तरी चालेल, वाई डोंगरापलीकडे आहे.

राजवाड्यांनी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे मतभेद होऊन ते दूर गेले. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. पुण्याचं मंडळ चालू राहिलं, धुळ्याचंही राहिलं. कारण कागद एका माणसाच्या खोलीत नव्हते. तुझ्या जुन्या कार्यवाहांनी आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलं यात मला शंका नाही, पण सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं. तू आजच एक सहकार्यवाह निवड आणि नोंदवही त्याच्या हातून लिहून घे. ती वाचून त्याला प्रत्येक रुमाल कुणाचा ते सांगता आलं पाहिजे.

आता ट्रंकेकडे परत येतो. सुरुवात फोटोंपासून कर. फोटो बघायला लोक लगेच जमतात. बाजारच्या दिवशी वाचनालयाच्या ओटीवर मांडून बस, म्हाताऱ्या माणसांना खुर्ची दे. एक ओळखलेला चेहरा दहा कागदांचं घर सांगतो. वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजू बघ, तिथे बहुधा नाव असतं. कागदाच्या घड्यांवरूनही कळतं, एका घरचे कागद एकाच पद्धतीने दुमडलेले असतात. ज्यांचे मालक मिळणारच नाहीत ते वेगळे ठेव, 'मालक अज्ञात' अशी नोंद कर आणि दरवर्षी त्यांची यादी वाचनालयात लाव.

संक्रांतीनंतर मी आठ दिवस येतो. मोडी वाचायला मला आता चष्म्यावर भिंग धरावं लागतं, पण घड्या अजून ओळखता येतात. तोवर एका तरी घराचा पत्ता लागला असेल तर रुमाल बांधून ठेव, पानं मोजून चिठ्ठी वर लाव, पण एकटी जाऊ नकोस. परत द्यायला आपण दोघं जाऊ. त्यांनी ओसरीवर बसून मोजायला घेतले तर मी शेजारी बसेन.



तुझा,
मामा